दिवस मावळायच्या आत

बुधवार, ९ जानेवारी १९७४

आले एकदाचे! अकोल्याहून छोट्या आगगाडीनं, नेहमीसारखे उशिरा. नवऱ्याचं नाव लेनार्ट, बायकोचं बिर्गिट. स्वीडन देशाचे. इतके उंच की आमच्या माजघराच्या चौकटीवर दोघांचीही कपाळं आपटली आणि दोघंही चौकटीलाच 'सॉरी' म्हणाले. आमचे हे हसले. मला हसता येईना, कारण इंग्रजी बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलेलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही कारंज्याच्या शाळेतलं, आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं फक्त औषधांच्या बाटल्यांवरचं वाचण्यापुरतं.

रेस्ट हाऊस कोण्या साहेबानं अडवून ठेवलंय, लॉजमध्ये बाईमाणसाला ठेवण्याची सोय नाही, म्हणून पाहुणे आमच्याकडे. महिला मंडळाची चिटणीस मी, बालगृह मंडळाचं, तेव्हा पाहुणेही माझेच. आमच्या बालगृहातली भागिरथा त्यांना दत्तक हवी आहे. कोर्टाचा हुकूम अकोल्याहून निघायचा आहे. जगदेव वकील म्हणाले, आठ-दहा दिवस तर लागतीलच. तोवर त्यांना वाशीम दाखवायचं आणि मुलगी मात्र दाखवायची नाही. हा नियम माझा आहे.

आमच्या घरी दिवस मावळला की चूल बंद. आम्ही जैन, सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घालत नाही. म्हणून पाचलाच पानं मांडली. पोळ्या, वालाच्या शेंगा, मुगाचं वरण, आणि प्रवासातून आलेले म्हणून पुऱ्या आणि शिरा. दोघांनी जेमतेम खाल्लं. अकोल्याला चहा-बिस्किटं झाली होती म्हणे. परदेशी लोकांची भूक चिमणीची असते हे मला माहीत नव्हतं.

उरलेल्या पुऱ्या बिर्गिटबाईनं रुमालात बांधून खोलीत न्यायला घेतल्या. मी हसून हातातून काढून घेतल्या आणि गाईला घातल्या. पाहुण्याला शिळं कसं खाऊ द्यायचं? आमच्यात शिळं कुणीच खात नाही. बाई गाईकडे बराच वेळ बघत उभी होती. त्यांच्या देशात गाई कमी असतील.

गुरुवार, १०

नियमाबद्दल लिहून ठेवते, कारण आज ह्यांनीसुद्धा विचारलं, "अवो, आठ-दहा दिवस एका गावात राहून भेट नाही? हे काही बरं दिसत नाही."

मागच्या दिवाळीला एक जोडपं आलं होतं, चांगलं शिकलेलं, मोटारीनं. भागिरथाचा फोटो त्यांना आवडला होता. फोटो बसलेला आहे, फोटोग्राफरनं सगळ्याच मुलांचे बसवून काढले. तिचा डावा पाय पोलिओनं बारीक झालेला, एका बाजूला झुकून चालते. कागदात लिहिलं होतं, पण कागद वाचणं वेगळं आणि समोर चालताना बघणं वेगळं. मुलगी त्यांच्याकडे धावत गेली, "आई" म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाईंनी पायाकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि "विचार करून कळवतो" म्हणून मोटार गेली ती गेलीच.

तेव्हापासून पोरगी रोज दिवेलागणीला फाटकात उभी राहते. रात्री नीट जेवत नाही. सहा वर्षांचं लेकरू, इंझोरीहून आलं तेव्हा पाळण्यातलं होतं, मागं कुणी नाही. मला ते फाटकातलं उभं राहणं बघवेना. मी मंडळात भांडून ठराव करून घेतला की हुकूम हातात पडल्याशिवाय भेट नाही. एकदा हुकूम झाला की पाठ फिरवून जाणं इतकं सोपं राहत नाही, माणूस म्हटलं की काहीतरी लाज असते.

ह्यांना एवढंच म्हटलं, "अजी, नियम म्हंजे नियम." हे दुकानात गेले.

शुक्रवार, ११

वाशीम दाखवलं. बालाजीचं मंदिर, पद्मतीर्थ. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर लेनार्टसाहेब बूट काढून पाण्यात पाय सोडून बसला तर भोवती बाया, पोरं, दोन म्हशी असा सगळा बाजार जमला. बिर्गिटबाई प्रत्येक लहान मुलीकडे बघते. एखादी लंगडी-पाणी खेळत असली की जास्तच. मी जीव मुठीत धरून होते. बालगृह बालाजीच्या मागच्या गल्लीत, मुलांना आज आतच ठेवायला सांगितलं होतं.

घरी येऊन जेवून उजेडातच सगळं आटोपलं. मग ते दोघं टॉर्च घेऊन फिरायला निघाले. आल्या दिवसापासून रोज जातात. त्यांच्याकडे म्हणे थंडीत फिरतात. बऱ्याच वेळानं आले, चेहरे अगदी टवटवीत. हवा अंगी लागली म्हणायची. हे म्हणाले, "आपल्या हवेत ताकद आहे." वाशीमच्या हवेचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवार, १३

शिरपूरला नेलं. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला टेकत नाही, अधांतरी आहे, हे इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली. लेनार्टसाहेब लाकूडकाम शिकवणारा मास्तर आहे. त्यानं वाकून, डोळा बारीक करून बघितलं आणि हात जोडले. ते मला आवडलं. उगाच शंका काढली नाही.

येताना केनवडच्या रस्त्याला हरभऱ्याच्या शेतात थांबलो. सोलाणे खाल्ले. बिर्गिटबाईनं इतके खाल्ले की मला तिच्या पोटाची काळजी वाटली. जेवणाच्या वेळी खात नाही आणि शेतात उभ्यानं खाते! हिला आई होऊन पोर वाढवायचं आहे. तिथं पोरीला कोण वेळेवर खाऊ घालेल?

त्यांना पायाचं ठाऊक आहे की नाही, हेच मला कळत नाही. जगदेव वकील म्हणतात, डॉक्टरांचा दाखला मुंबईच्या संस्थेकडून गेलेला आहे. पण गेला आणि कळला यात फरक आहे. विचारावं तर जीभ वळत नाही. पोलिओ हा शब्द तर इंग्रजीच आहे, तरीसुद्धा.

सोमवार, १४, संक्रांत

दाखवण्यासारखं वाशीम संपलं. आज जिनिंग फॅक्टरी दाखवली, मग ह्यांचं कापडाचं दुकान, मग पोस्ट. पोस्टात काय बघायचं, पण पाहुण्यांनी तेही मन लावून बघितलं. पोस्टमास्तरांनी त्यांना खुर्च्या दिल्या.

संध्याकाळी हळदीकुंकू. बायांनी बिर्गिटबाईला गराडा घातला. तिनं तिळगूळ घेतला आणि एकदम मला म्हणाली, "राजमतीबाई, तुमी काहून नाही खात?" सगळ्या बाया खिदळल्या. दिवस बुडाला होता म्हणून मी खात नव्हते ते सोडा, पण हे 'काहून' तिला कुणी शिकवलं? आमच्या घरी तिच्याशी मराठी कोण बोलतं? दूधवाल्याचं काम असणार. उद्या त्याला सांगते, पाहुण्यांशी जरा चांगलं बोल.

बुधवार, १६

जगदेव वकील अकोल्याहून आले ते तोंड पाडूनच. न्यायाधीश साहेब रजेवर. सोमवारपर्यंत काही नाही. मी पाहुण्यांना सांगितलं तर त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं होतं चिडतील. इतके दिवस परक्या मुलखात, घरचं काम टाकून आलेले, ना धड जेवण आवडत ना काही. मी असते तर वकिलाला उभा धुतला असता. यांची आच कमी तर नाही ना, अशी शंका येऊन गेली. ज्याला लेकरू हवं असतं त्याला इतकं थांबवतं तरी कसं?

दुपारी बालगृहात गेले. भुरीबाई म्हणजे आमची स्वयंपाकीण, तिची तक्रार की बटाटे संपले. बालगृहातली मुलं जैन नाहीत, त्यांना बटाटे-कांदे चालतात, त्यावरूनही मंडळात एकदा रणकंदन झालंय. मी म्हटलं, एवढ्यात कसे संपले?

"थंडीचे दिवस हाये बाई. लेकरायले भूक लई लागते."

"ज्वारीचं पीठही संपलं?"

"तेई संपलं."

आणून दे म्हणून दुकानात निरोप पाठवला. निघताना भुरीबाईनं मला दारात गाठलं. "बाई, एक विचारू? राग नोका मानू. तुमीच काहून नाही ठेवून घेत या पोट्टीले?"

मी म्हटलं, "तुझी खिचडी करपून राह्यली ते पाह्य."

विचारायची काय रीत आहे ही! माझी तीन मुलं मोठी झाली, थोरल्याचं लग्न ठरतंय, दुकानात दोन नोकर, सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं करून आत्ता कुठं मोकळी झाले. शेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा वेण्या घालत बसू? विषय संपला.

येताना भागिरथासाठी लाल रिबिनी घेतल्या. तिच्या केसांना लालच शोभतात.

शुक्रवार, १८

लोणारला गेलो. ह्यांच्या मित्राची जीप, पेट्रोल कसंबसं मिळवलं. पहाटे निघालो, रिठदजवळ पंक्चर, तरी उन्हं चढायच्या आत पोचलो. काठावरून ते एवढं मोठं गोल तळं दिसलं. आकाशातून दगड पडून झालंय म्हणतात. मला तर त्या खाऱ्या पाण्याच्या वासानं मळमळतं.

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. काठावर दगडावर बसलो तेव्हा मी घसा साफ केला. पण लेनार्टसाहेबानं तेवढ्यात काय करावं? जेवणाची जड थैली पाठीवर घेतली आणि उतारानं खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली. वर येताना धापा टाकत होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, सराव करतोय, आमच्या घरामागं टेकडी आहे. मी बिर्गिटबाईकडे बघितलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. वारा होता. तळ्याचा वासही झोंबतो.

असल्या माणसाला काय सांगणार! सांगायचं राहूनच गेलं.

रविवार, २०

तीन गोष्टी.

एक, साहेब सकाळपासून अंगणात बसून चाकूनं एक लाकूड तासतोय. तळहाताएवढी, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ फळी. खाली लावायला जुन्या टायरचा तुकडा मागून आणला. पोरीसाठी खेळण्यातली होडी असावी. मी विचारलं तर लाल झाला. मी म्हटलं, वाशीमला होडी कुठं सोडणार? तो नुसता हसला.

दोन, बिर्गिटबाईच्या शालीला कांद्याचा आणि चुलीच्या धुराचा वास येतो. आमच्या घरात कांदा शिरत नाही. बाजारातून फिरताना लागत असेल. शाल गच्चीवर वाळत टाकली.

तीन, आणि ही चांगली गोष्ट. भागिरथा रात्रीचं जेवायला लागली आहे! पोटभर, हसत. संध्याकाळी फाटकात उभी राहणंही बंद झालंय. भुरीबाईनं सांगितलं, "आता ते फाटकाकडं पायतई नाही." मी तिला नेऊन देते ते मेथीचे लाडू लागू पडले बहुतेक. किंवा पोरगी ते दिवाळीचं विसरली. मुलं विसरतात, देवाची कृपा. पण म्हणूनच मला जास्त धास्ती वाटते. विसरलेल्या पोरीला पुन्हा तसंच उभं राहावं लागलं तर? यांनीही पायाकडे बघून घड्याळ बघितलं तर मी काय करणार आहे? मला खरंच माहीत नाही.

सोमवार, २१

सांगितलं. एकदाचं सांगून टाकलं. दुपारी बिर्गिटबाई माझ्याबरोबर तांदूळ निवडत बसली होती. मी सूप खाली ठेवलं आणि जसं येईल तसं बोलले. भागिरथाचा डावा पाय बारीक आहे. ती धावते तेव्हा पडते. पडली की रडत नाही, दुसऱ्यालाच विचारते लागलं का म्हणून. शिरा करपलेला आवडतो. अंधाराला भीत नाही, पण ढगांना भिते. फोटो बसलेला आहे. तुम्हाला नको असेल तर आज सांगा, उद्या नका सांगू.

इंग्रजी कसलं ते, अर्धं मराठीच होतं.

तिनं माझा हात धरला. तिचे हात मोठे आणि खरखरीत आहेत, बेकरीत काम करते ती. म्हणाली, आम्हाला माहीत आहे. मग आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तर अंगणातून साहेब खोकला. ती थांबली. माझ्याकडे अशी काही बघत राहिली की जणू माझीच दया येतेय.

दाखला वाचला असणार त्यांनी. वाचला आणि तरी आले. पण वाचणं वेगळं, मी आधीच लिहिलंय. उद्या न्यायाधीश साहेब कामावर येतील. आज मी सामायिकाला डोळे मिटून बसले तर मन एका जागी राहिलं नाही.

मंगळवार, २२

हुकूम झाला. जगदेव वकिलांची तार आली. उद्या सकाळी भेट.

आज पाहुणे फिरायला गेले नाहीत. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, उद्या मोठा दिवस, आज लवकर झोपा. दोघांची तोंडं एवढीशी झाली. साहेब दोनदा दारापर्यंत जाऊन आला.

बुधवार, २३

सगळं नीट लिहायचं आहे, पण हसू येतं आणि मग डोळ्यांना पाणी येतं, त्यात शाई पसरते.

सकाळी नऊला आम्ही निघालो. मी जरीकाठाचं लुगडं नेसले, हातात तिळगुळाचं ताट. बालगृहाच्या मोठ्या खोलीत सतरंजी घातलेली, मंडळाच्या बाया ओळीनं बसलेल्या. मी चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती. पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवलं. मी ताट घेऊन उभीच राहिले, ती चार वाक्यं मनातल्या मनात पुन्हा म्हणत.

भुरीबाई भागिरथाला घेऊन दारात आली. नवा झगा, माझ्या लाल रिबिनी. आणि पायात बूट. आम्ही तिला कधी बूट घेतले नव्हते. डाव्या बुटाला तळव्याखाली जाड टाच होती, लाकडाची, खाली टायर ठोकलेला. ती चालली. झुकत होती, पण थोडी. इतकी सरळ चालताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, लाजेल. वाटलं, मागच्या वेळची आठवण येऊन थबकेल. पोरगी तडक बिर्गिटबाईच्या समोर गेली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"काल काहून नाही आल्या? भाकर थंडी झाली. अन् आज पुढच्या दारानं काहून आल्या?"

मंडळाच्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी भुरीबाईकडे. भुरीबाई छताकडे.

"भुरीबाई, हे काय हाये?"

"बाई, तुमी मारा, झोडा, पण आदी आयका." तिनं पदर सावरला. "पयल्याच दिवशी हे दोघं बत्ती घेऊन मागच्या गल्लीत फिरून राह्यले होते. मी चुलीवर भाकर टाकून राह्यली होती. हे दोघं दाराशी येऊन उभे राह्यले अन् नुसते वास घेऊन राह्यले. म्या हातानंच विचारलं, भूक लागली का? त्या बाईनं अशी मान हालवली बाई, का म्या तव्यावरची भाकर तशीच तिच्या हातात देली. एवढाले हाडापेराचे माणसं! तुमच्या घरी दिवा लागला का चूल बंद. आता त्यायले पाच वाजता कोठून भूक लागन? अन् मंग सकाळलोक उपाशी!"

"त्यांनी सांगितलं का नाही मले?"

"तुमाले कोण सांगन?" ती म्हणाली, आणि मंडळाच्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला.

पुढचं मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. त्यांना ते बालगृह आहे हे ठाऊकच नव्हतं. मागच्या दाराला पाटी नाही. ते पायरीवर बसून भाकर आणि बटाट्याची भाजी खात होते, भुरीबाईनं आत हाक मारली, मीठ आण गं. मीठ घेऊन भागिरथा आली. चालत आली, झुकत, जशी चालते तशी. सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांत धरून.

"त्या बाईनं पायलं अन् तोंडावर हात ठेवला," भुरीबाई म्हणाली. "फोटोवरून वळखलं. म्या मनात म्हटलं, झालं, आता हे जातीन. उठून निंगून जातीन, त्या मोटारवाल्यासारखे. पण दुसऱ्या दिवशी परत आले, बाई. रोजच आले. ती पोट्टी मागच्या दाराशी वाट पायत बसे, अन् ते रोज येत."

रोजच आले. एवढंच माझ्या कानात राहिलं. मी पोरीला ज्याच्यापासून वाचवायला जीव टाकत होते, ते पहिल्याच दिवशी घडून गेलं होतं, चुलीच्या उजेडात, मिठाची वाटी हातात असताना. त्यांनी पाय बघितला होता आणि दुसऱ्या दिवशी परत आले होते. मी इकडं त्यांना पोस्ट दाखवत होते!

राग आला. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा रागच आला. माझा ठराव, माझा नियम, आणि मागच्या दारानं रोज भाकरी! पण तो राग टिकेना. लेनार्टसाहेब उभा राहिला, एवढा उंच माणूस शाळेतल्या पोरासारखा हात बांधून, आणि म्हणाला की तुमचं जेवण फार चांगलं आहे, पण ते आमच्या दुपारच्या चहाच्या वेळी असतं. बिर्गिटबाई म्हणाली, पुऱ्या गाईनं खाल्ल्या. मग मात्र मला हसू फुटलं. ताट खाली ठेवलं आणि सतरंजीवर बसून हसले. बाया हसल्या, भुरीबाई हसली, भागिरथाला काही कळलं नाही तरी तीही हसली. एवढं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पाठ केलेली चार वाक्यं राहूनच गेली.

हे घरी आल्यावर म्हणाले, "म्हंजे ती आपली हवा नव्हती."

शुक्रवार, २५

उद्या पहाटेच्या गाडीनं जाणार. आज शेवटचा दिवस, आणि मी पाहुण्यांना उपाशी पाठवणार नाही, ते माझ्या घरून भरल्या पोटीच जातील, हे मी परवाच ठरवलं होतं.

चूल पेटवणार नव्हते. चुलीला माझा नियम आहे. पण अंगण माझ्या नियमात नाही. दिवस मावळल्यावर भुरीबाई तिचा स्टोव्ह, परात आणि बटाट्याची पिशवी घेऊन आली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदा आमच्या अंगणात बटाटा शिरला. मी ह्यांना विचारलं, "अजी, चालन ना?" हे ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "काय चालन? मले तर काही दिसून नाही राह्यलं." थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाले, "कांदा जरा जास्त परता म्हणा."

मी वाढत होते. दोघं जेवले! पाच-पाच भाकरी, भाजी, ठेचा. मी त्यांना इतक्या दिवसांत असं जेवताना बघितलंच नव्हतं. चिमणीची भूक लिहिलं होतं, ते मागं जाऊन खोडलं पाहिजे. भागिरथा दोघांच्या मधे. आईला कशी हाक मारायची ते तिला त्यांच्या भाषेतलं शिकवलंय, तो शब्द मला नीट म्हणता येत नाही, तिला येतो.

जेवता जेवता ती उठून माझ्याकडे आली. नवे बूट काढायला तयार नाही, झोपतानाही नाही म्हणते.

"तुमी काहून नाही खात?"

"माहा नेम हाये. दिवस बुडाला का मी नाही खात."

"मंग सकाळी खासान?"

"सकाळी खाईन."

ती विचारात पडली. परत जाऊन तिच्या ताटातली अर्धी भाकर घेऊन आली. माझ्या लुगड्याच्या पदराला बांधायला लागली. तिला गाठ येईना, म्हणून मीच बांधली.

"हे सकाळी खाजा. गाईले नोका देऊ."

शनिवार, २६

गेले. छोटी गाडी आज पहिल्यांदाच वेळेवर आली, नेमकी आजच. साहेबानं भागिरथाला पाठीवर घेऊन डबा गाठला. लोणारचा तो सराव मला तेव्हा कळला. ती खिडकीतून हात हलवत होती, रडली नाही. गाडी हलली तेव्हा ओरडून विचारलं, "राजमतीबाई, लागलं का?" मी रडत होते म्हणून. मी म्हटलं, नाही लागलं.

खरंच नाही लागलं. देवा, खरं सांगते, मन इतकं हलकं आहे की मला माझंच नवल वाटतं. ती आता कुठल्याच फाटकात उभी राहणार नाही. तिच्या लोकांना तिचा पाय माहीत आहे, भूक माहीत आहे, आणि ते परत येतात. परवा भुरीबाईनं पुन्हा ते ठेवून घेण्याचं विचारलं असतं तर मी तिला खिचडीचं सांगितलं नसतं. काय सांगितलं असतं, ते माझं मला माहीत नाही. पण तिनं नाही विचारलं.

घरी आले तर उजाडलं होतं. रस्त्यानं शाळेची पोरं झेंडा घेऊन चालली होती. पदर जड लागला म्हणून बघितलं, तर गाठ.

आमच्यात शिळं खात नाहीत. रात्र उलटलेलं अन्न घरात कुणी ताटात घेतलं तर मी आजवर त्याला उठवलंय. गाय गोठ्यात माझ्याकडे बघत उभी होती, तिला सवय झालेली.

सूर्य चांगला वर येऊ दिला. हात-पाय धुतले, णमोकार मंत्र म्हटला, ओट्यावर बसले आणि ती अर्धी भाकर सगळी खाल्ली. कडक झाली होती. मीठ बरोबर होतं.